फटी पडल्या म्हणून जहाज मोडू नका

तुम्ही लिहिलंय की पहिलंच लाकडी जहाजाचं मॉडेल मे महिन्यात किटमधून बांधायला घेतलं, पट्ट्यांचा खालचा थर पुरा झाला, आणि आता दिवाळीनंतर पट्ट्यांमध्ये फटी दिसू लागल्यात. शिवाय नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, पट्ट्या एकमेकींवर चढल्यात. सगळं उखडून पुन्हा लावू का, असं विचारलंय.

उखडू नका. दुहेरी थराच्या किटमध्ये पहिला थर दिसायचा नसतोच. वरच्या अक्रोडाच्या पातळ थराला बसायला गुळगुळीत अंग मिळावं, एवढंच त्याचं काम. तुमचं जहाज शंभर टक्के वाचतं.

फटींचं कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे: टेबलाशेजारचा कूलर. नवतप्यात आपण दारं-खिडक्या लावून कूलर सोडतो, तेव्हा बाहेर हवा कोरडी ठणठणीत आणि खोलीत मात्र ओल. त्या ओलीत लाकूड फुगतं, आणि फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. त्यात तुम्ही पट्ट्या भिजवून ओल्याच चिकटवल्या. थंडीत हवा कोरडी झाली की प्रत्येक पट्टी केसभर आटते, आणि एका बाजूला वीस पट्ट्या असल्या की ते केसभर मोजण्याइतकं होतं. माझ्या पहिल्या जहाजाला अशाच फटी पडल्या होत्या, त्याही वरचा थर लावून झाल्यावर. त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, म्हणून तुम्हाला इतकं सविस्तर सांगतोय.

खऱ्या जहाजाचं गणित उलटं असतं. तिथे फटींत ताग-डांबर ठासतात आणि पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगून सांधे आवळतात. मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. आपलं जहाज मात्र जन्मभर कपाटात कोरडंच राहणार.

आता दुरुस्ती. मोठ्या फटीत लांबी (पुट्टी) भरू नका, ती पुढे तडकते. त्याच पट्टीची बारीक चीप कापून फेविकॉल लावून सरकवा. बारीक फटींना पॉलिश पेपरने घासून निघालेला भुसा आणि फेविकॉल पुरे. दोन दिवस वाळू द्या, मग लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासा. नुसत्या बोटाने घासलंत तर खळगे पडतात.

नाळेजवळचा चढ हा हवेचा दोष नाही, तो मापाचा आहे. मधल्या बल्कहेडची (कण्यावर आडव्या बसणाऱ्या फळीची) कड कागदाच्या फितीने मोजा. समजा १०० मिमी भरली आणि पट्टी ५ मिमीची, तर वीस पट्ट्या. नाळेशी तीच कड ६० मिमी असेल तर तिथे प्रत्येक पट्टी ३ मिमीच हवी. म्हणजे पुढच्या टोकाकडे प्रत्येक पट्टी रंध्याने निमुळती करायची. अर्ध्याहून अरुंद करायची पाळी आली तर दोन पट्ट्या तिथे संपवून पुढे एकच न्या. मागच्या बाजूला उलट जागा उरते, तिथे पाचर बसवा. पट्ट्या डावी-उजवी आळीपाळीने लावा, नाहीतर कणा पिळतो.

तुमच्या चढलेल्या पट्ट्या घासून सपाट होतील. घासताना पट्टी फार पातळ झाली तर आतून, पहिल्या दोन बल्कहेडांच्या मध्ये, हलक्या लाकडाचा ठोकळा चिकटवून आधार द्या. नागपूरच्या लकडगंजात सुताराकडे असे तुकडे मिळतात. साग घेऊ नका. आपल्याकडचा साग कितीही नामी असला तरी त्याला तेल असतं, गोंद नीट धरत नाही. वरच्या थरालाही तो नको, कारण इतक्या लहान प्रमाणात त्याचे रेषे फार ठळक दिसतात.

वरचा थर आता, होळीच्या आतच लावा. नागपुरात याच महिन्यांत हवा ना पावसाळ्यासारखी दमट, ना एप्रिलसारखी करपवणारी. अक्रोडाच्या पट्ट्या आजच पाकिटातून काढून त्याच खोलीत आठवडाभर मोकळ्या ठेवा. नाळेच्या वळणासाठी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, चापांनी जागेवर वाकवून बांधा, आणि रात्रभर वाळल्यावरच चिकटवा. ओली पट्टी पुन्हा कधीही नको.

घासून झालं की एक अख्खी पट्टी नाळेपासून मागपर्यंत टेकवून बघा. कुठे पोकळ वाटली तर दुसरा थर सुरू करण्याआधी त्या जागेचा फोटो दाखवा.