थ्रिलरच्या पहिल्या सीनमध्ये मूड कसा तयार करतात? निळा लाइट आणि धूर पुरेसा होईल का?

नाही, पुरेसा होत नाही. आणि हे जरा चिडूनच लिहितोय, तेवढं सांभाळून घ्या.

मी लाइट डिपार्टमेंटमधला. केबल ओढत सुरुवात केली, आता गॅफर, म्हणजे लाइटवाल्यांचा मुख्य, म्हणून काम करतो. थ्रिलरचं काम आलं की स्क्रिप्ट हातात पडायच्या आधी प्रॉडक्शनकडून फोन येतो, "दादा, स्मोक मशीन किती लागतील?" सीन काय आहे, घर कोणाचं, वेळ कुठली, काही ठरलेलं नसतं. धूर मात्र ठरलेला असतो.

तुम्ही लिहिलंय की कॉलेजची शॉर्टफिल्म आहे, पहिलाच सीन रात्रीचा, मुलगी घरात एकटी, खिडकीतून निळा चंद्रप्रकाश पाडायचाय, आणि ग्रेडिंगला (शूटनंतर रंग जुळवताना) कुठली एलयूटी, म्हणजे तयार रंगांचा साचा, वापरू. चंद्राचं आधी उरकतो. चांदणं म्हणजे उन्हाचाच परत फिरून आलेला उजेड. मोजलात तर उन्हापेक्षा किंचित पिवळटच भरेल, साधारण ४१०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). सिनेमात ते निळं दाखवतात, कारण अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना तांबडा रंग आधी दिसेनासा होतो आणि निळा-हिरवा टिकून राहतो. म्हणून निळी रात्र पटते. संकेत म्हणून माझी हरकत नाही. पण आपल्या शहरांतली रात्र कित्येक वर्षं सोडियमच्या दिव्यांची, नारिंगी होती. २०१५ मध्ये पथदिवे एलईडीचे करायची केंद्राची योजना आली आणि मग ती हळूहळू पांढरी झाली. निळी कधीच नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निळंशार चांदणं पडलेलं दिसलं की मला पहिल्याच शॉटला खाली उभी असलेली जनरेटर व्हॅन आठवते.

अंधार केला की प्रेक्षक घाबरतो, हे ज्याने कोणी पसरवलं तो प्रेक्षकांत बसून सिनेमा बघत नसावा. अंधार झाला की माणूस आधी डोळे ताणतो, मग कंटाळतो, मग मोबाइल काढतो. त्याला अस्वस्थ करायचं तर एक गोष्ट लख्ख दिसली पाहिजे आणि तिच्या शेजारची दुसरी दिसता दिसता राहिली पाहिजे. लाइट, लेन्स, फ्रेम, कपडे, भिंतीचा रंग, सगळं ह्याच कामाला लावायचं.

हिचकॉकचा 'सायको' (१९६०) भर दुपारी सुरू होतो. फिनिक्स शहर, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं, असं चक्क पडद्यावर लिहून येतं. कॅमेरा शहरावरून फिरत फिरत एका हॉटेलच्या खिडकीशी येतो आणि अर्धवट ओढलेल्या पडद्याखालून आत शिरतो. झालं काहीच नाही, फक्त आपण कोणाच्या तरी खोलीत चोरून डोकावलोय, आणि ते आपल्याला कळलंय. नायिकेची अंतर्वस्त्रं तेव्हा पांढरी आहेत. पैसे उचलल्यावर ती पुन्हा तशी दिसते तेव्हा काळी. ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा, ग्रेडिंगबिडिंग काही नाही.

'अंधाधुन' (२०१८) तर आपल्या पुण्यात घडतो. सुरुवात काय? हिरवंगार कोबीचं शेत, एका डोळ्याने अधू असलेला ससा आणि त्याच्या मागे बंदूक घेतलेला माणूस. ऊन आहे, सगळं स्वच्छ दिसतंय, आणि तरी हे आपल्याला का दाखवतायत ते शेवटापर्यंत कळत नाही.

रात्रच हवी असेल तर 'वो कौन थी' (१९६४) बघा. पाऊस, रस्ता, मोटार, आणि समोर पांढऱ्या साडीतली साधना. ती गाडीत बसते आणि वायपर बंद पडतो. मनोजकुमारला काच धूसर झाल्यामुळे रस्ता दिसत नाही, तिला मात्र दिसतोय, तीच वाट सांगतेय. काळ्या रात्रीत पांढरी साडी लख्ख, आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्यालाच पुढचं काही दिसत नाही. पावसाचंही एक गुपित आहे, तो मागून लाइट मारल्याशिवाय कॅमेऱ्यात दिसतच नाही. समोरून मारा, तुमचा टँकरभर पाणी वाया. वाफेचंही तसंच. आणि वाफेवरूनच माझं एक जुनं भांडण आहे, म्हणून ते आता सांगतोच.

काही वर्षांपूर्वी एका मराठी थ्रिलरवर होतो. सिनेमाचं आणि दिग्दर्शकाचं नाव सांगणार नाही, शोधायला जाऊ नका. साताऱ्याकडच्या जुन्या सरकारी क्वार्टर्समध्ये शूट. पहिला सीन असा: एकटा राहणारा कारकून संध्याकाळी घरी येतो, कुलूप उघडतो, आत येतो, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर चहाचा कप आहे, त्यातून वाफ निघतेय. बास. घराला कुलूप होतं आणि चहा गरम आहे. अख्खी गोष्ट त्या कपाला टांगलेली.

मला सीन वाचूनच आवडला होता. रेकीला, म्हणजे शूटची जागा बघायला, गेलो तर घर अगदी हवं तसं. भिंतींना खाली कमरेपर्यंत हिरवट ऑइलपेंट, वर चुना. त्या ऑइलपेंटवर उजेड पडला की ओलसर चमक येते, ती पैसे देऊन मिळत नाही. स्वयंपाकघरात चोकवाली जुनी ट्यूब. मी डीओपीला, म्हणजे मुख्य छायाचित्रकाराला, म्हटलं, दिवेलागणीची वेळ ठेवू. बाहेरच्या खोलीत काही लावायचं नाही, फक्त स्वयंपाकघरातली ट्यूब चालू, तिचा पट्टा दारातून बाहेरच्या फरशीवर येतो तेवढाच. माणूस कुलूप काढून आत येतो आणि आतला दिवा आधीच लागलेला आहे. कप दिसायच्या आधीच पोटात गोळा येतो. मग कपाच्या मागे, ओट्याच्या कडेला लपवून एक छोटा लाइट, त्याच्या मागे मोरीच्या दाराचा काळोख. त्या काळ्यावर वाफ अशी उभी राहिली असती की बस. आर्ट डिपार्टमेंटची असिस्टंट मुलगी हुशार होती. ती म्हणाली, माणूस सगळं घर शोधून ओट्याशी परत येतो तेव्हा चहावर साय धरलेली दाखवू. म्हणजे किती वेळ गेला ते कळेल, आणि तेवढा वेळ कोणी चहाला हात लावलेला नाही हेही. तिने टेस्टला करूनही दाखवलं: पातळ, सुरकुतलेली साय, कडेला कपाला चिकटलेली. कॅमेऱ्यात इतकी घाण दिसत होती की डीओपी स्वतःच हसायला लागला.

दिग्दर्शक आला, ट्यूबकडे बघितलं आणि म्हणाला, "हे काय, सासू-सुनेची सिरियल करतोय का आपण? मूड कुठंय?"

मूड म्हणजे खिडकीबाहेर एचएमआय (उन्हासारख्या पांढऱ्या उजेडाचा मोठा लाइट), त्यावर फुल सीटीबी (लाइटवर लावायचा निळा जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद), कॅमेरा बल्बच्या पिवळ्या उजेडासाठीच्या ३२०० केल्विनवर. म्हणजे आधीच निळा दिसणारा लाइट अजून निळा. ट्यूब बंद. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, कारण उजेड नाही आणि साहेबांना "बॅकग्राउंड क्रीमी" पाहिजे. आणि धूर. एवढा की फोकस सांभाळणारा फोकस पुलर खोकतोय आणि बाहेर क्वार्टर्समधली माणसं गोळा झाली, काही पेटलं का बघायला.

दोन गोष्टी तेव्हाच बोललो होतो. पहिली, लेन्स उघडी ठेवली की कारकून फोकसमध्ये राहील आणि मागचं दार विरघळून जाईल. थ्रिलरमध्ये मागचं दार विरघळून चालत नाही, अर्धा प्रेक्षक त्या दाराकडेच बघत असतो. दार दिसायला लेन्सचं छिद्र लहान करावं लागतं, आणि ते लहान करायचं तर उजेड जास्त लागतो. म्हणजे भीतिदायक फ्रेमला बहुतेक वेळा जास्तच लाइट लागतात, हे कोणाला पटत नाही. दुसरी गोष्ट तर शेंबड्या पोरालाही कळेल अशी: "सर, सगळ्या खोलीत धूर केलाय, आता कपातली वाफ कशी दिसणार?"

सेटवर शांतता. मग तो म्हणाला, "पोस्टमध्ये बघू."

पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतरच्या एडिटिंग-ग्रेडिंगमध्ये, काय बघणार होते देव जाणे. सिनेमा लागला तेव्हा मी तालुक्याच्या गावी एका सिंगल स्क्रीनला जाऊन पाहिला. डिजिटल प्रोजेक्शनला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) उजेड असावा असं मानक आहे. पण प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की तेवढा मिळत नाही, आणि तिथे नव्हताच. आमची निळी रात्र तिथे नुसती काळी झाली. पुढच्या रांगेतून आवाज आला, "अरे लाइट गेली काय?" हशा. कप कोणालाही दिसला नाही. मध्यंतरानंतर पोलीस "तो कप" म्हणून बोलायला लागतात, तेव्हा माझ्या मागचा माणूस बायकोला विचारतोय, "कुठला कप?" तीही म्हणाली, कुठला कप.

हेही मी गिळलं असतं. पण पुढे एका मुलाखतीत ह्या गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्या डोक्यातली सुरुवात फार वेगळी होती, "टेक्निकल टीम कमी पडली". ज्या टीमने ट्यूब लावून ठेवली होती ती. असो. म्हणजे असो नाहीच, म्हणून तर हे उत्तर लिहितोय.

तुमच्या सीनचं बोलू. फ्रेममध्ये दिसणारा एक खरा दिवा ठेवा: टेबललॅम्प, उघडा फ्रिज, देव्हाऱ्यातला बल्ब, काहीही. उजेड कुठून येतोय ते कळलं की तो कुठे पोचत नाही तेही कळतं, आणि मुलीला नेमकं तिकडेच जायला लावा. खोलीच्या भिंती पांढऱ्या असणार. छोट्या घरात पांढरी भिंत हा आपला खरा शत्रू, एक लाइट लावला की चारही बाजूंनी उजेड परत फेकते आणि काळं काही उरतच नाही. त्यासाठी कटर, म्हणजे लाइट अडवणारे काळे पडदे, हवेत. कटर नसतील तर काळं कापड, थर्माकोलला काळा कागद, घरातल्या जाड चादरी. लाइट लावण्यात जितका वेळ घालवाल त्याच्या दुप्पट तो कापण्यात घालवा. ट्यूब किंवा स्वस्त एलईडी वापरणार असाल तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर पट्टे फिरताना दिसतील. आणि एडिट झाल्यावर फिल्म दुपारी, मोबाइलवर, खिडकीशी बसून बघा. बघणारे तशीच बघणार आहेत. स्वतःचाच चेहरा काचेत दिसला तर सीन जास्त काळा झालाय.

दिग्दर्शक म्हणून एक करा. शूटच्या आधी युनिटला नुसतं "मूडी पाहिजे" म्हणू नका. "पहिल्या मिनिटात प्रेक्षकाला अमुक वस्तू दिसली पाहिजे" असं सांगा. वस्तूचं नाव घ्या. नाव घेता येत नसेल तर तुमचा सीन अजून लिहून झालेला नाही, आणि त्याची भरपाई लाइटवाल्याकडून मागू नका.

आता न्यायाने बोलायचं तर धूर अगदीच टाकाऊ नाही. खिडकीतून येणारा किरण दिसायला हवेत थोडं काहीतरी लागतंच, आणि मोठ्या वाड्यात किंवा गोडाऊनमध्ये त्याने फ्रेमला खोली मिळते. अंधाराने गरीब लोकेशन झाकलं जातं हेही खरं, आणि त्या दिग्दर्शकाला निर्मात्याने ते घर एकाच रात्रीसाठी दिलं होतं. संध्याकाळचं म्हटलं असतं तर उजेड पळताना धावपळ झाली असती. सिनेमा पडला तो काही एका कपामुळे नाही, उत्तरार्धात गोष्टच नव्हती. शिवाय मी आवाजाबद्दल काहीच बोललो नाही. तो अर्धा मूड असतो, पण तुम्ही दृश्याचं विचारलंत आणि ते माझं खातंही नाही.

एलयूटीचं नाव देत नाही. शूट केलेलं फुटेज बघितल्याशिवाय एलयूटी ठरवणं म्हणजे "पोस्टमध्ये बघू"चाच धाकटा भाऊ. निळा जेल हवाच असेल तर हाफ सीटीबी घ्या, फुल नको, आणि तो फक्त खिडकीपुरता. मुलीच्या चेहऱ्यावर घरातल्या दिव्याचाच उजेड राहू द्या. काळं कापड जास्तीचं आणा. समोरच्या फ्लॅटवाल्यांना विचारून त्यांच्या खिडकीवरही लावा, त्यांचा टीव्ही नेमका टेकच्या वेळी चालू होतो.