आईला सवय लावण्याआधी तिच्या फाइली उघडून बघा

तुम्ही विचारलंय की घरी 2013 साली घेतलेला विंडोज 7 चा कॉम्प्युटर आहे, आई त्यावर घरबसल्या मराठी टायपिंगची कामं घेते, तो आता हळू चालतो आणि मध्येच बंद पडतो. नवा कोणता घ्यावा, आणि आईला नव्या सॉफ्टवेअरची सवय कशी लावावी, कारण ती तयारच होत नाही.

पहिल्या भागाचं उत्तर कोणीही दुकानदार देईल, म्हणून मी पटकन उरकते. विंडोज 7 ची अपडेट 14 जानेवारी 2020 ला बंद झाली. दुकानदार म्हणेल, "ताई, याच्यातच 10 टाकून देतो." नको म्हणा. 10 चा सपोर्टसुद्धा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. 11 ला टीपीएम 2.0 (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. 2013 मध्ये बाजारात तिसरी-चौथी पिढी होती, म्हणजे तुमच्या सीपीयूवर 11 रीतसर बसत नाही. नवा घेताना 8 जीबी रॅम आणि एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) एवढं बघा, टायपिंगला त्याहून जास्त काही लागत नाही. लॅपटॉप नको, डेस्कटॉपच घ्या. टायपिस्टला मोठा कीबोर्ड लागतो. भाव मी सांगत नाही, ते महिन्याला बदलतात. यूपीएसची बॅटरी मात्र त्याच दिवशी बदलून घ्या. आमच्याकडे लाइट जाते त्यापेक्षा ती येताना जास्त नुकसान करते.

आता दुसरा भाग. "ती तयारच होत नाही" हे आमच्या घरात माझ्याबद्दल इतक्यांदा बोललं गेलंय की उत्तर लांबणार, आधीच सांगते.

मी परभणीत राहते. लग्नाआधी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टाइपरायटर मशीनवर मराठी तीस आणि चाळीस (मिनिटाला शब्द) दोन्ही पास झाले. पुढे कॉम्प्युटर घरात आला तेव्हा तीच बोटं त्यावर चालली, कारण फॉन्टला रेमिंग्टनचा, म्हणजे टाइपरायटरच्याच कळांचा, कीबोर्ड होता. शपथपत्रं, वाटणीपत्रं, कॉलेजच्या प्रश्नपत्रिका, एम.फिल.-पीएच.डी.चे प्रबंध, लग्नपत्रिका, सगळं केलं. 2022 च्या मे महिन्यात हार्डडिस्क टकटक वाजायला लागली. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही मोठ्या ऐटीत म्हणतो, पण मे महिन्यात इथला पारा 43 च्या वर गेला की माणसंच बंद पडतात, तिथं पंख्यात धूळ बसलेल्या सीपीयूचं काय घेऊन बसलात.

नेमके तेव्हा आमचे धाकटे भाऊजी मुलांना घेऊन सुट्टीला आलेले. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, हे काय वापरायलात अजून? भंगारात द्या." त्यांनी स्वतःच्या पैशानं मला नवा लॅपटॉप मागवला, हे मी कधी नाकारलं नाही, पुन्हा एकदा लिहून ठेवते. लॅपटॉप आला. त्यांनी माझी एक फाइल पेनड्राइव्हवरून त्यात उघडली आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसला. म्हणाले, "वहिनी, फाइल करप्ट झाली."

करप्ट काही झाली नव्हती. लॅपटॉपमध्ये फॉन्ट नव्हता, एवढंच. मी म्हटलं, जुन्याच्या सी ड्राइव्हमधून फॉन्टचं फोल्डर आणा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना पाटी-पेन्सिल आणायला सांगितली.

तुम्हालाही हे समजलंच पाहिजे, नाहीतर आईशी तुमचा वाद मिटायचा नाही. जुन्या फॉन्टांत मराठी फक्त दिसायला असते. कृतिदेवमध्ये "राम" टाइप केलं तर फाइलीत जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं साठवली जातात, आणि फॉन्ट त्यांच्या जागी र, काना, म अशी चित्रं दाखवतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला तरी गेली, कारण प्रत्येकाची चित्रं वेगळ्या कळांवर. युनिकोडमध्ये र हा सगळीकडे रच असतो, मोबाइल असो की लॅपटॉप. तुमची आई नव्या मशीनला नको म्हणत असेल तर तिला बहुतेक हेच भ्या वाटत असणार की इतक्या वर्षांचं काम एका दिवसात जे-के-ई होऊन बसेल. तिला ते शब्दांत सांगता येत नसेल, पण भीती रास्त आहे.

भाऊजींनी मग दोन उपाय सांगितले. पहिला, टाइपच करू नका, बोला, ते आपोआप उमटतं. मी एक वाटणीपत्र बोलले. "1 हेक्टर 20 आर" चं "1 हेक्टर 20 यार" झालं. असला कागद रजिस्ट्रीला नेला तर पक्षकार माझ्या दारात येऊन बसेल. दुसरा उपाय फोनेटिक कीबोर्डचा. म्हणजे "का" लिहायला इंग्रजीतला के आणि ए दाबायचा. ज्या बाईची बोटं न बघता मराठी टाइप करतात तिनं आता प्रत्येक शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवायचं. पोरांना व्हॉट्सॲपवर ते ठीक आहे. पोटापाण्याच्या कामाला नाही. माझा वेग निम्म्यावर आला तेव्हा घरात निष्कर्ष निघाला की वहिनींना नव्याची सवय होत नाही.

भाऊजी पुण्याला गेले आणि मग मी शांतपणे कामाला लागले. टाइपरायटरच्याच कळांवर युनिकोड उमटवणारी साधनं मिळतात, सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम त्यातलं एक. ते बसवल्यावर माझी बोटं जशीच्या तशी चालली. शिकायला काही उरलंच नाही. (नवीन शिकणाऱ्यानं मात्र सरळ इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची सरकारी कळपद्धती शिकावी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, आणि ते विंडोजमध्ये आधीपासूनच असतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही.)

खरं काम जुन्या फाइलींचं. इंटरनेटवर कन्व्हर्टर मिळतात, जुना मजकूर टाका, युनिकोड घ्या. त्यातले बरेचसे हिंदीसाठी केलेले. हिंदीत आपला तो शेतकऱ्यातला अर्धा र नसतोच, म्हणून "शेतकऱ्यांना" चं "शेतकर्यांना" होतं. आता कोणी म्हणेल, फाइंड-रिप्लेस मारा, र्य चा ऱ्य करून टाका. मारून बघा. सूर्य, कार्य, पर्याय, सगळ्यांचा निकाल लागेल. एका प्रबंधात "आचार्यांना" चे "आचाऱ्यांना" झाले असते, म्हणजे विद्वानांच्या हातात झारा. म्हणून मी पूर्ण शब्दांची यादी केली: शेतकऱ्या, अधिकाऱ्या, कर्मचाऱ्या, व्यापाऱ्या, दुसऱ्या, तिसऱ्या, अशी. यादीतलं एकदम बदलायचं, उरलेलं डोळ्यांनी बघायचं. रफार आणि ऱ्हस्व वेलांटीही तपासावी लागते. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. साधा कन्व्हर्टर जोडाक्षर आलं की इथंच अडखळतो.

सगळ्या फाइली बदलल्या नाहीत, बदलूही नका. लग्नपत्रिका कशाला बदलायच्या? त्या आणि पेजमेकरची (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) सगळी कामं जुन्या मशीनवरच पीडीएफ करून घेतली, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची, त्यात युनिकोड मराठी येत नाही, आणि त्याच्या फाइली त्याच कंपनीचं पुढचं सॉफ्टवेअर इनडिझाइनही सीएस6 या आवृत्तीपर्यंतच उघडत होतं. तुमची आई पेजमेकरवर काम करत असेल तर ही पीडीएफची पायरी जुनं मशीन चालू आहे तोवरच करून घ्या. शपथपत्रांचे आणि दस्तांचे नमुने, प्रबंध, प्रश्नपत्रिका एवढंच मी युनिकोडमध्ये आणलं. तो पावसाळा त्यात गेला. घरात सगळे म्हणायचे, कामून एवढा जीव काढायलात, नव्यानं टाइप करा लागेल तेव्हा.

आणि मग 2023 उजाडलं. निजामकाळातल्या कुणबी नोंदींवरून दाखले द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात जो तो वंशावळीच्या मागे लागला. दसरा-दिवाळीच्या दिवसांत माझ्या ओट्यावर चपला ठेवायला जागा नसायची. ज्यांची वाटणीपत्रं, वारसाची शपथपत्रं मी मागे टाइप केली होती तीच माणसं पुन्हा आली. मी सर्चमध्ये गावाचं नाव टाकायची, त्या गावची जुनी कागदपत्रं समोर यायची, पणजोबापासूनची नावं तयार. जुन्या फॉन्टात हे होत नव्हतं, कारण फाइलीत गावाचं नाव नव्हतंच, इंग्रजी अक्षरांचा काला होता. प्रबंधांचंही तेच. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनंतर वाङ्मयचौर्य तपासल्याशिवाय प्रबंध जमा होत नाही, आणि जुन्या फॉन्टातला मजकूर त्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून वाचताच येत नाही. आता पोरं "युनिकोडमध्ये द्या" म्हणूनच येतात, आणि गावातल्या दोन दुकानांत अजून त्यांना नाही म्हणतात.

एवढं झाल्यावर गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नात, पंगतीत, पाहुण्यांसमोर आमचे भाऊजी काय म्हणाले? "वहिनींना कॉम्प्युटरची सवय मीच लावली." मी वाढत होते. ताटात लग्नातलं जेवण होतं म्हणून गप्प बसले. इथं त्यांचं खातं आहे की नाही माहीत नाही, असलं तर बरंच आहे. लॅपटॉप तुमचा, भाऊजी. लॅपटॉपवर आता माझा मुलगा सिनेमे बघतो. काम मी दुसऱ्या वर्षी घेतलेल्या डेस्कटॉपवर करते.

सगळं क्लाउडवर टाका हा सल्लाही तेव्हा मिळाला होता. लोकांचे गट नंबर, आधार नंबर, भावकीतले वाद माझ्या फाइलींत असतात. ते मी बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवते, कपाटात, कुलपात. ज्यांना पटत नाही त्यांनी स्वतःच्या फाइली टाकाव्यात क्लाउडवर.

तर तुमच्या आईचं. तिला बसवून "हे बटण इथं असतं" शिकवू नका. विंडोज 11 चं स्टार्ट बटण मधे असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन डावीकडे घ्या, निम्मी कुरकुर तिथंच संपेल. एमएस ऑफिसचे पैसे जड वाटत असतील तर लिब्रेऑफिस फुकट आहे, युनिकोड मराठी त्यात नीट चालतं. तिच्या फॉन्टचं नाव विचारा, ती कोणत्या कळपद्धतीवर टाइप करते ते विचारा, आणि तीच कळपद्धती युनिकोडवर बसवून द्या. हे तिच्याशी बोलल्याशिवाय कळणार नाही, दुकानदाराला विचारून तर नाहीच.

थोडं इकडचं-तिकडचं राहिलं. तुमची आई फक्त लग्नपत्रिकाच करत असेल तर माझं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही, छापखान्यांत जुने फॉन्ट अजून चालतात आणि युनिकोडची घाई नको. प्रिंटर जुना असेल तर त्याचा 64 बिटचा ड्रायव्हर मिळतो का ते नवा कॉम्प्युटर घेण्याआधी बघा, कारण विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येतं. पैशाची अडचण असेल तर जुन्याच सीपीयूत एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकता येते, चांगली पळते, पण मग पेजमेकर आणि आयएसएम दोन्ही विसरा, म्हणून टायपिंगवाल्या घराला मी ते सुचवत नाही. "मध्येच बंद पडतो" म्हणालात ना, तर सगळ्यात आधी त्याला ब्लोअर मारून आतली धूळ काढा, प्रोसेसरवरची पेस्ट बदला. फाइली बाहेर काढेपर्यंत त्यानं तग धरला पाहिजे. आणि सीपीयू भंगारवाल्याला देणार असाल तर हार्डडिस्क काढून घेऊन मगच द्या, फॉन्टचं फोल्डर दोन ठिकाणी कॉपी झालंय याची खात्री करून.