पोर्टेबल एसीच्या पाइपमुळे घरात वास येतो, काय करावं?

पाइप खिडकीबाहेर काढलाय, तरी एसी लावला की खोलीत गटारासारखा वास येतो, असं तुम्ही म्हणता. मग दोष बहुधा पाइपचा नाहीच.

एका पाइपचा एसी खोलीतलीच हवा ओढून बाहेर फेकतो. तेवढी हवा आत कुठून तरी यायला हवी ना? ती दाराखालून, बाथरूममधून, मोरीच्या जाळीतून येते. मोरीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखाली साचून गटाराचा वास अडवणारं पाणी उन्हाळ्यात सुकलेलं असेल तर ती थेट ड्रेनेजचा वास घेऊन येते. तेव्हा आधी न वापरल्या जाणाऱ्या मोरीत तांब्याभर पाणी ओता, बाथरूमचं दार लावा आणि दुसऱ्या बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवा. गारवा थोडा कमी होईल, पण वास जाईल. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो आणि हा एसी एकाच वेळी चालवू नका. गीझरचा धूर घरात खेचला जाऊ शकतो.

वास ओल्या फडक्यासारखा कुबट असेल तर मात्र मशीनच दोषी. फिल्टर धुवा, टाकीतलं पाणी काढा, बंद करण्याआधी अर्धा तास नुसता पंखा चालवा. अत्तराचे फवारे मारू नका, दोन्ही वास एकत्र येतात.