तीन दिवसांची नवी गोळी कोणासाठी?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा ॲझिथ्रोमायसिनने ताप उतरला नाही आणि अखेर रुग्णालयात इंजेक्शने द्यावी लागली. आता नॅफिथ्रोमायसिन हे भारतीय औषध आले असून ते तीनच दिवस घ्यावे लागते, असे वाचले. ते घरी आणून ठेवावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घरी आणून ठेवू नये. मात्र औषधाबद्दलची आपली उत्सुकता योग्य आहे. मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने विकसित केलेल्या या औषधाचे अनावरण नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत झाले. रुग्णालयाबाहेर जडलेल्या, जिवाणूजन्य न्यूमोनियाच्या प्रौढ रुग्णांसाठी ते आहे.

ॲझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेला, चिकटून तिचे काम थांबवते. प्रतिकारक्षम झालेले काही जिवाणू नेमकी ती चिकटण्याची जागाच रासायनिकदृष्ट्या बदलून टाकतात, तर काही जण आत शिरलेले औषध बाहेर फेकतात. नॅफिथ्रोमायसिन रायबोसोमला दोन ठिकाणी धरत असल्याने एका जागेत बदल झाला तरी त्याची पकड सहसा सुटत नाही. शिवाय ते फुप्फुसात मोठ्या प्रमाणात साठून राहते, त्यामुळे ८०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून एकदा, अशी तीन दिवस पुरते. कमी दिवसांचे औषध म्हणजे सौम्य औषध, असा समज करून घेऊ नये.

याच कुळातील टेलिथ्रोमायसिन हे औषध अमेरिकेत २००४ साली मान्य झाले होते. पुढे यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे समोर आली आणि २००७ मध्ये त्याच्या वापरावर मोठी बंधने आली. नॅफिथ्रोमायसिनची रचना वेगळी आहे. तरीही विरळ दुष्परिणाम पुष्कळ रुग्णांनी औषध घेतल्यावरच कळतात, म्हणून कोणतेही नवे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घेतलेले बरे.

विषाणूमुळे झालेल्या सर्दी-खोकल्यावर नॅफिथ्रोमायसिन निरुपयोगी आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णांना ॲसिनेटोबॅक्टरसारख्या जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया तर निराळाच. त्यासाठी सल्बॅक्टम-डर्लोबॅक्टम या इंजेक्शनाला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. वडिलांना ॲझिथ्रोमायसिन का लागू पडले नाही, हे थुंकीची वा रक्ताची कल्चर तपासणी (नमुन्यातील जिवाणू वाढवून ओळखण्याची चाचणी) झाली असेल तर त्या अहवालावरून कळू शकेल. तो जपून ठेवावा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून दाखवावा.

वृद्धांना न्यूमोनियात कधी कधी तापही येत नाही. धाप लागणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा ऑक्सिजनची पातळी घसरणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची आणि दरवर्षीची फ्लूची लस त्यांनी घेतली नसेल, तर त्याविषयी मात्र आताच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.