चिंध्यांचं पायपुसणं टिकावं म्हणून

प्रश्न: लाकडी चौकटीला खिळे ठोकून शिंप्याकडच्या चिंध्यांचं पायपुसणं विणलं. मध्ये आकसून त्याचा डमरू झाला आणि दोन-तीन धुण्यांत ते सुटायला लागलं. चिंध्या जुन्या होत्या म्हणून असं झालं का?
– एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर: ताई, चिंध्यांना दोष देऊ नका. माझ्या न्हाणीच्या दारातलं पायपुसणं सासूबाईंच्या विरलेल्या लुगड्यांचं आहे. रोज ओलं होतं, तरी शाबूत आहे, कारण त्याचा ताणा, म्हणजे चौकटीवर ताणलेले उभे धागे, दणकट आहे. खर्च करायचा तो ताण्यावरच. तुमच्या गावात सुताला काय तोटा! चांगला पीळ दिलेला जाड सुती दोरा घ्या. दोन्ही मुठींना गुंडाळून हिसका द्या. तुटला तर तो ताण्याला नको. सुतळीही नको, ओलीने कुजते.

पाव इंचाला एक धागा यावा. त्यासाठी खिळे दोन ओळींत, आलटूनपालटून ठोका; एकाच ओळीत लाकूड चिरतं. दोन्ही कडांचे धागे दुहेरी घ्या.

डमरू होतो तो चिंधीची आडवी पट्टी ताणून ओढल्यामुळे. पट्टी कमानीसारखी सैल टाका आणि मग खाली ठोका. वरखाली जाताना तिला जास्तीची लांबी लागतेच. ठोकण्यात मात्र कंजुषी नको. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या बायका जमखाने विणताना लोखंडी पंजाने ओळ न् ओळ दाबून बसवतात. घरी जेवणाचा जाड काटा चालेल. वरून पाहिल्यावर ताणा जेमतेम दिसला पाहिजे.

पट्ट्या सुती कापडाच्या दीड इंच, जाड कापडाच्या इंचभर. नवं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर ते नंतर आटतं आणि रंगही सोडतं. पट्ट्या गाठ मारून जोडू नका. गाठ वर उचलून येते, पाय तिच्यावरच घासतो आणि तीच आधी झिजते. टोकं तिरकी कापून एकमेकांवर शिवा. वेळखाऊ आहे, पण माझा आग्रह आहे.

दोन्ही टोकांना वीतभर ताणा रिकामा सोडा. पट्टी सुरू करण्याआधी आणि संपल्यावर बोटभर नुसतं सूत विणा. चौकटीवरून उतरवलं की चार-चार धाग्यांची गाठ विणीला अगदी चिकटवून मारा. सगळ्या गाठी झाल्याशिवाय पाण्यात घालू नका.