वेल्समधल्या धर्मोपदेशक, कवी, विद्वानांपैकी आधी कोणाबद्दल वाचावं?

माझं उत्तर ॲन ग्रिफिथ्स. बायबलचा वेल्श अनुवाद 1588 मध्ये पुरा करणारे विल्यम मॉर्गन मोठेच, त्यांच्याबद्दल वाचाच. पण सुरुवात ॲनपासून करा.

1776 चा जन्म, मॉन्टगोमेरीशरमधल्या डोल्वार वाख या शेतावरचा. ही बाई वेल्शमध्ये भक्तिगीतं रचायची, पण लिहून ठेवायची क्वचितच. घरी काम करणाऱ्या रूथला ती ऐकवायची आणि रूथला ती तोंडपाठ व्हायची. 1805 मध्ये बाळंतपणानंतर ॲन गेली, वय अवघं 29. बाळ तर तिच्याआधीच गेलं होतं. त्याच वर्षी रूथचं लग्न जॉन ह्यूज या उपदेशकाशी झालं, मूळचा तो विणकर. रूथला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती म्हणत गेली आणि तो उतरवत गेला. 1806 मध्ये ही गीतं छापून आली. सत्तरच्या आसपास कडवी, बस्स! तरी वेल्श काव्यात तिचं नाव पहिल्या रांगेत घेतात, आणि ते योग्यच आहे. तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं एकच पत्र उरलंय, त्यात एक कडवं आहे.

मला वाटतं, या कवितेच्या श्रेयात रूथचा वाटा फार मोठा आहे. तिचं नाव आवर्जून घ्या.