अमेरिकेत चॅप्टर ७ची दिवाळखोरी (मालमत्ता विकून देणी भागवण्याचा प्रकार) पूर्ण होऊन डिस्चार्ज, म्हणजे देणी माफ झाल्याचा कोर्टाचा हुकूम, मिळाला. आता शैक्षणिक कर्ज फेडायचं की तेही माफ झालं?

माफ झालेलं नाही असंच धरून चाला आणि आजच सर्व्हिसरला (कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला) फोन करून हप्ता कधीपासून सुरू होतोय ते विचारा. क्रेडिट कार्डाची किंवा दवाखान्याची बिलं डिस्चार्जमध्ये जातात, शैक्षणिक कर्ज मात्र दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५२३(अ)(८) नुसार जात नाही. ते फेडताना 'असह्य हलाखी' होते, हे दिवाळखोरीच्या कोर्टात वेगळा दावा लावून सिद्ध करावं लागतं. हा दावा डिस्चार्जनंतरही लावता येतो, बंद झालेली केस त्यासाठी पुन्हा उघडता येते. ही गोष्ट बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं. नोव्हेंबर २०२२ पासून सरकारी कर्जांसाठी न्याय खात्याने उत्पन्न-खर्चाचा ठरावीक प्रतिज्ञापत्र नमुना आणला आहे, त्यामुळे वाट थोडी सोपी झाली आहे. दावा लावायचा नसेल, तर:

- सरकारी कर्ज असेल तर उत्पन्नावर आधारित हप्त्यासाठी अर्ज करा. थकबाकीत जाऊ देऊ नका, कोर्टाच्या हुकुमाशिवायही पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.
- सहकर्जदार असेल तर त्याची जबाबदारी कायम आहे, त्याला आधीच कल्पना द्या.

खासगी कर्जाचं मात्र वेगळं असू शकतं: मान्यता नसलेल्या संस्थेसाठी किंवा शिक्षणाच्या खर्चापेक्षा जास्त घेतलेलं कर्ज कधी कधी डिस्चार्जमध्ये खरोखरच गेलेलं असतं. म्हणून पैसे भरण्याआधी कर्जाचे मूळ कागद दिवाळखोरीच्या वकिलाला दाखवा.